दूध-पोळीच्या घरात शिकारी मांजर

सकाळी उठल्याबरोबर पूर्वी मी देवाला हात जोडायचे. आता आधी खाली बघते. पाय कुठे पडतोय ते बघावंच लागतं, कारण आमच्या मांजरीने पहाटे काय आणून कुठे मांडून ठेवलं असेल याचा नेम नसतो. एखाद्या दिवशी पालीची नुसती शेपटी असते. एखाद्या दिवशी अख्खा उंदीर, नीट उताणा निजवलेला. एकदा माझ्या शाळेच्या चपलेत चिचुंद्री होती आणि त्या दिवशी पहिल्या तासाला मी उशिरा पोचले. सत्तावन्न वर्षांच्या बाईने मुख्याध्यापिकेला काय कारण सांगावं? स्कूटी पंक्चर झाली म्हणून सांगितलं.

मी सुपली घेते, कालचं वर्तमानपत्र घेते, जे काही असेल ते गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाकते, फिनाइलने फरशी पुसते, कोपरापर्यंत हात धुते आणि मग चहा ठेवते. मांजर हे सगळं फ्रिजवर बसून बघते. कुत्रा कॉटखालून बघतो. दोघांपैकी एकालाही माझी दया येत नाही.

आमचं घर नर्मदेकाठच्या एका हिंदीभाषक शहरात, गढा नावाच्या जुन्या वस्तीत, टेकडीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. घरात चार जीव: मी, माझ्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई, एक आखूड पायांचा पांढरा कुत्रा आणि ही मांजर. राइट टाउनमधल्या एका शाळेत मी शिकवते. आणखी तीन वर्षं शिकवायचं आहे. मुलगा बंगळुरूला असतो. फोनवर मी त्याला मराठीत विचारते, तो हिंदीत उत्तर देतो, आणि दोघांनाही त्यात काही वेगळं वाटत नाही. नवरा पावणेदोन वर्षांपूर्वी गेला. फॅक्टरीत होते. फेब्रुवारीतल्या एका दुपारी छातीत दुखतंय म्हणाले आणि दिवेलागणीपर्यंत सगळं संपलं होतं.

कुत्रा त्यांचा. नऊ वर्षांपूर्वी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत घालून आणला होता. फॅक्टरीच्या गेटपाशी सापडला म्हणे. तेव्हा तो त्या पिशवीत मावला आणि नंतरही फारसा वाढला नाही. कुकरच्या शिट्टीला घाबरतो, फुग्याला घाबरतो, दसरा ते दिवाळी कॉटखालून बाहेर येत नाही. तो आला त्या दिवशी सासूबाई काही म्हणायच्या आत मीच सांगून टाकलं होतं, राहू दे कुत्रा, पण जे आपण खातो तेच खाईल. म्हणजे सकाळी दूध-पोळी, दुपारी वरणभात, संध्याकाळी पुन्हा दूध-पोळी. सासूबाई काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, त्यांच्या मनातलं ओळखलं आपण.

रोज संध्याकाळी साडेपाचला ते फॅक्टरीतून आले की चहासुद्धा न घेता कुत्र्याला फिरवायला न्यायचे. परत आले की फाटकाजवळच्या नळावर थांबायचे. आधी स्वतःचे हातपाय धुवायचे, खळखळून चूळ भरायचे, मग कुत्र्याचं तोंड आणि पंजे धुवायचे, आणि खिशातली बडीशेप तोंडात टाकून मगच आत यायचे. थंडीतसुद्धा. मी हे सगळ्या नातेवाइकांना कौतुकाने सांगायचे. बाहेरची घाण घरात आणायची नाही, याला वळण म्हणतात, असं म्हणायचे.

ते गेले आणि कुत्र्याने जेवण टाकलं.

पहिले चार दिवस तर त्याने पाण्यालाही तोंड लावलं नाही. मग थोडं थोडं खायला लागला, पण अर्ध्या वाटीच्या वर नाही. आणि साडेपाच वाजले की फाटकाशी जाऊन बसायचा. बरोबर साडेपाच. सात-साडेसातपर्यंत तिथून हलायचा नाही. भेटायला येणाऱ्यांचे डोळे त्याच्याकडे बघून भरून यायचे. शेजारच्या दीदी म्हणाल्या, "देखिए, जानवर है, पर कितना दुख मना रहा है." माझी नणंद नागपूरहून आली होती, ती तर त्याला जवळ घेऊन हमसून रडली.

खरं सांगायचं तर मला त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा. मला रडू येत नव्हतं. पेन्शनचे कागद होते, सासूबाईंची औषधं होती, शाळेत परीक्षा होत्या. मी थकलेली होते, आणि थकलेल्या माणसाला दुःखासाठीही ताकद उरत नाही. एवढासा कुत्रा फाटकाशी बसून आमच्या सगळ्यांच्या वाटचं दुःख करत होता आणि मी त्याच्या बाजूने स्कूटी काढून भाजी आणायला जात होते. लोक मनात काय म्हणत असतील, असं वाटून मी मान वर करायचे नाही. त्याला फिरवायला न्यायची मला आठवण व्हायची आणि पायांत जीव नसायचा. सकाळी शाळेत जाण्याआधी मागच्या गल्लीत दहा मिनिटं, एवढंच.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ही मांजर आली. तिला कोणी आणलं नाही, तिने विचारलंही नाही. एका सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसलेली होती, करड्या पट्ट्यांची, एका कानाचा तुकडा गेलेली, आणि तोंडात उंदीर. आत उडी मारून तिने तो गॅसच्या ओट्याखाली ठेवला आणि माझ्याकडे बघून एकदाच ओरडली. भाडं भरून खोलीत राहायला यावं तशी आली. सासूबाई देवघरातून ओरडल्या, "हाकल त्या अवदसेला! काहून उभी राहिली तिथं?" मी हाकललं. दुसऱ्या दिवशी दोन उंदीर होते.

आमच्या घरात उंदीर होते हे खरं. मागे पडकं गोदाम आहे. नवरा पिंजरा लावायचा आणि पकडलेला उंदीर पिशवीत घालून टेकडीवर सोडून यायचा, आणि मला वाटतं तो उंदीर त्याच्या आधी घरी पोचायचा. महिन्याभरात मांजरीने ते प्रकरण मिटवलं. मग खारी धरायला लागली. मग टोळ, चिमण्या, एकदा मैना. सासूबाईंच्या जपाच्या आसनावर खार सापडली त्या दिवशी घरात जो गोंधळ झाला तो मी सांगत नाही. आसन फेकून दिलं, सासूबाईंनी पुन्हा आंघोळ केली आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू खार मीच धरली होती. मी मांजरीच्या गळ्यात घुंगरू बांधलं. तिने ते कुठे काढून टाकलं ते आजवर सापडलं नाही.

कुत्रा आणि मांजर एका घरात नांदवणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. सुरुवातीला तो तिला बघून कॉटखाली जायचा आणि ती कॉटसमोर बसून राहायची. त्याला बाहेर यायचं असलं की मला झाडू घेऊन वाट मोकळी करून द्यावी लागायची. त्याची वाटी ती उलटवायची. तिच्या दुधाच्या ताटलीकडे त्याने नुसतं बघितलं तरी त्याच्या नाकावर ओरखडा. दोन वेळचं जेवण दोन खोल्यांत, मध्ये दार लावून. शाळेत पन्नास पोरी सांभाळून यायचं आणि घरी या दोघांची शाळा भरवायची. कितीदा तरी मनात आलं, मांजरीला पोत्यात घालून नर्मदेपलीकडे सोडून यावं. आमच्याकडे करतात तसं लोक; नदी ओलांडली की मांजर परत येत नाही म्हणतात. पण पोतं शोधायलाही उठावं लागतं.

मग त्यांचं त्यांनीच जमवलं. जानेवारीच्या थंडीत एका सकाळी बघितलं तर कुत्र्याच्या गोधडीवर दोघं पाठीला पाठ लावून झोपलेली. त्यानंतर शिकारीतही त्यांची भागी झाली. कूलरच्या मागे काही खुडबुडलं की कुत्रा एका बाजूने भुंकायचा, म्हणजे भुंकायचा काय, खोकल्यासारखा आवाज काढायचा, आणि मांजर दुसऱ्या बाजूला दबा धरून बसलेली असायची. जे निघायचं ते थेट तिच्या पंज्यात. कुत्रा मग चार पावलं मागे सरून, मी काहीच केलं नाही असं तोंड करून बसायचा.

पण तो वाळत चालला होता. वर्षश्राद्धापर्यंत त्याच्या बरगड्या दिसायला लागल्या, शेपटीचे केस गळले. वर्षश्राद्धाला मी नवऱ्याच्या आवडीचं सगळं केलं होतं. अळूची भाजी, साटोऱ्या, लाल भोपळ्याचं भरीत, सगळं. ते पान वाढताना मला समाधान वाटलं होतं की एकही पदार्थ विसरले नाही.

कुत्रा खायचा नाही त्याची खरी झळ सासूबाईंना लागायची. स्वतःचा मुलगा गेल्यापासून कुत्र्याला समोर बसवल्याशिवाय जेवत नसत. त्याच्या वाटीत पोळी स्वतः कुस्करायच्या. तो दोन घास खाऊन तोंड फिरवायचा आणि मग त्याही आपलं ताट सरकवायच्या. "तो जेवून नाही राहिला, माझ्या घशाखाली कसं उतरंल?" मी समजावून पाहिलं, चिडूनही पाहिलं. "आई, तो कुत्रा आहे. तुम्ही दोन घास खा, रक्तदाबाची गोळी घ्यायचीय." त्या म्हणाल्या, "त्याच्या हातचा एवढाच राहिला मला. हा गेला ना, तर मी पण नाही राहत, सांगून ठेवते." त्या उगाच बोलणाऱ्या बाई नाहीत. वर्षभरात त्यांच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या होत्या. कुत्रा गेला की पाठोपाठ या जाणार आणि या घरात मी आणि उंदीर मारणारी मांजर राहणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. मला भीती वाटायची. भीती वाटायची आणि रागही यायचा, की सगळ्यांचं खाणं-पिणं, जगणं-मरणं माझ्याच माथी का.

मार्चमधला एक रविवार होता. सासूबाई देवघरात होत्या. मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होते. मांजर भिंतीवरून उतरली, तोंडात उंदीर, आणि सरळ कुत्र्यापाशी गेली. त्याच्यापुढे ठेवला. पंज्याने जरा पुढे ढकलला. मग लांब जाऊन, पाठ करून बसली. कुत्र्याने हुंगलं. माझ्याकडे बघितलं. आणि मग तो जो तुटून पडला! वर्षभर दूध-पोळीला नाक मुरडणारा, दुःखाने खंगलेला म्हणून साऱ्या गल्लीने ज्याचे गोडवे गायले तो कुत्रा डोळे मिटून कडाकडा उंदीर खात होता. शेपटीही हलत होती.

मी ओली चादर हातात धरून उभी राहिले. ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर सासूबाई बाहेर आल्या असत्या. मी चादर वाळत घातली, त्याचं तोंड फडक्याने पुसलं आणि आत गेले. त्या दुपारी तो वाटीभर वरणभात जेवला. सासूबाईही जेवल्या. "आज कसा पोटभर जेवला माझा बेटा," म्हणत त्यांनी दुसरी पोळी मागून घेतली. किती दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्याला स्कूटीच्या पुढ्यात बसवून राइट टाउनमधल्या जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. सासूबाईंना सांगितलं, इंजेक्शन द्यायचंय. डॉक्टरांनी त्याला उलटासुलटा करून पाहिलं आणि विचारलं, "खाने में क्या देते हैं?"

मी सांगितलं.

"और?"

"और कुछ नहीं. हम लोग शाकाहारी हैं."

"आप हैं," ते म्हणाले, "ये नहीं है." आणि चिठ्ठीवर लिहून दिलं, रोज दोन उकडलेली अंडी.

चिठ्ठी मी पर्समध्ये घातली आणि घरी येईपर्यंत विचार करत राहिले. अंडं घरात आणायचं कसं? आमच्या उंबऱ्याच्या आत कधी अंडं आलं नव्हतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट आहे. आम्ही फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. शेजारची एक लहान मुलगी हातात ब्रेड-आमलेट घेऊन आमच्या स्वयंपाकघरात शिरली. मी तिला बाहेर काढलं, सगळं स्वयंपाकघर धुतलं, डब्यातल्या पोळ्या गाईला घातल्या आणि जानेवारीत, गार पाण्याने, पुन्हा आंघोळ केली. वास्तविक माझ्या माहेरी, नागपूरला, माझे दोघे भाऊ बाहेर खुशाल सगळं खायचे आणि आई न बघितल्यासारखं करायची. मलाही त्याचं काही नव्हतं. पण त्या दिवशी सासूबाई दारात उभ्या होत्या, सोवळ्यात. नवी सून होते मी. नागपूरच्या मुलीला वळण नाही असं त्यांना वाटायला नको होतं. तेव्हापासून त्या घरात मी एकटीने तो वसा चालवला, त्यांच्यासाठी.

तेव्हा आता चोरून काम करायचं ठरवलं. कुत्र्याला फिरायला न्यायचं आणि बाहेरच कुठेतरी खायला घालायचं. साडेपाचला तो फाटकाशी बसलेलाच होता. मी साखळी लावली. चार पावलं चालला की धापा टाकणारा तो कुत्रा फाटक उघडल्याबरोबर मला ओढायला लागला. मी उजवीकडे वळत होते, त्याने डावीकडे ओढलं. मंदिर गेलं, पिठाची गिरणी गेली, नाल्यावरची पुलिया आली. पुलियाच्या पलीकडे कडुनिंबाखाली अंड्यांचा ठेला होता. कुत्रा ठेल्याच्या डाव्या चाकापाशी गेला, खाली बसला आणि वर बघू लागला.

ठेलेवाला पांढऱ्या मिशांचा माणूस होता. त्याने आधी कुत्र्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अरे, आ गया! दीदी, ये तो साहब का है ना? साहब कहाँ हैं? हम तो समझे ट्रांसफर हो गया."

मी सांगितलं. वर्ष होऊन गेलं, असं म्हटलं. त्याने गॅस बारीक केला आणि खांद्यावरच्या गमछ्याने हात पुसले. मग त्याने न विचारता दोन अंडी सोलली. एक कुस्करून कागदावर खाली ठेवलं. दुसऱ्याचे चार भाग केले, त्यावर मीठ आणि मिरपूड घातली आणि कागद माझ्यापुढे धरला.

"मैं नहीं खाती," मी म्हटलं. "दोनों उसी को दीजिए."

"इसका तो एक ही रहता था," तो म्हणाला. "ये वाला साहब का है. रोज़ का था, दीदी. नौ साल. पहले अकेले आते थे, फिर इसको लेकर आने लगे."

घरी येताना मी साखळी आवळून धरून भराभर चालत होते. मला नवऱ्याचा इतका राग आला की तो समोर असता तर मी काय बोलले असते कुणास ठाऊक. दुसरी बाई असती तर निदान लोकांना सांगता आलं असतं. अंडं! आणि मी सगळीकडे सांगत सुटले होते, किती स्वच्छता, किती वळण. तो नळ, ती चूळ, ती बडीशेप. फाटकापाशी पोचले तेव्हा कुत्रा आपणहून नळाखाली जाऊन उभा राहिला आणि तोंड वर केलं. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. एक वर्ष आम्ही ज्याला दुःख म्हणत होतो ती भूक होती. तो फाटकाशी बसून माझ्या नवऱ्याची वाट बघत होता की पुलियापलीकडच्या त्या अंड्याची, हे मी त्याला विचारू शकत नव्हते.

मी त्याचं तोंड धुतलं. दुसरं करणार काय?

त्यानंतर महिनाभर आमचा क्रम ठरला. साडेपाचला पुलिया, दोन्ही अंडी कुत्र्याला, परत येताना नळ. तो सुधारला. केस आले, भुंकायला लागला, एकदा तर मांजरीवर धावून गेला आणि नाकावर ओरखडा घेऊन परत आला. वाटी चाटून पुसून ठेवायचा. सासूबाई त्याच्याकडे बघत जेवायच्या, बांगड्या पुन्हा मनगटाशी आल्या. मांजरीचं पहाटेचं मांडून ठेवणं चालूच होतं. सुपली, वर्तमानपत्र, फिनाइल. मनात यायचं, या घरात लपवाछपवी न करणारी हीच एक. जे खाते ते सगळ्यांच्या मधोमध आणून ठेवते.

एप्रिलच्या शेवटी नळाला पाणी येईनासं झालं. एका संध्याकाळी मी परत आले, नळ फिरवला, नुसता फुसफुसला. मी घरातून तांब्या आणायला वळले तेवढ्यात कुत्रा आत पळाला आणि सरळ सासूबाईंच्या मांडीवर. मी धावत आत गेले तर त्यांनी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं होतं आणि वाकून हुंगत होत्या.

मी दारातच उभी राहिले. आता आंघोळी, आता अबोला, सगळं मला दिसायला लागलं.

सासूबाईंनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं. "किती दिवसांनी आला हा वास," त्या म्हणाल्या. "त्याच्या तोंडाला यायचा, संध्याकाळी. बडीशेप खाल्ली तरी यायचा."

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

"आईला नाही माहीत राहणार? तो सांगून जात होता मला. याला पण देत होता हे नव्हतं माहीत." मग म्हणाल्या, "तू काहून चोरून नेऊन राहिली याला? डॉक्टरनं सांगितलं असंल तर मला सांगायचं ना."

"तुम्हाला चालणार नाही म्हणून."

"मला?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं, लहानपणी त्याची छाती अशक्त होती. मीच देत होती त्याला अंडं उकडून, लग्नापर्यंत. मागच्या अंगणात, वेगळा गंज होता त्याच्यासाठी, लहानसं पातेलं. तू आली, त्या पोरीच्या आमलेटसाठी एवढ्या थंडीत डोक्यावरून गार पाणी घेतलं, मी घाबरलीच बाप्पा. म्हटलं, ही तर माझ्याहून कडक आहे. दुसऱ्या दिवशी तो गंज फेकला मी. त्याला म्हटलं, तिच्यासमोर नाव नको काढू. बाहेर खा, तोंड धुऊन ये."

मी खुर्चीवर बसले. ओढणीने तोंड पुसलं. कुत्रा त्यांच्या मांडीवरून उतरून गोधडीवर गेला. मांजर फ्रिजवर झोपली होती, तिची शेपटी खाली लोंबत होती.

तेहतीस वर्षं. तेहतीस वर्षं मी त्यांच्यासाठी वसा चालवला आणि त्यांनी माझ्यासाठी. आणि आम्हा दोघींच्या मध्ये एक माणूस रोज संध्याकाळी, थंडीवाऱ्यात, आपल्याच घराच्या फाटकापाशी उभा राहून तोंड धूत होता. वर्षश्राद्धाचं ते पान माझ्या डोळ्यांसमोर आलं. त्याच्या आवडीचं सगळं.

दुसऱ्या दिवशी मी ठेलेवाल्याला म्हटलं, साहेबांचं बांधून द्या. कागदाची पुडी हातात धरून फाटकातून आले. नळाला त्या दिवशी पाणी होतं. मी थांबले नाही. स्वयंपाकघरात जाऊन स्टीलच्या वाटीत ते अंडं काढलं आणि ओट्यावर ठेवलं, उघड्यावर. सासूबाई भिंतीला धरून आल्या आणि पाटावर बसल्या.

"तुम्ही घेता?" मी विचारलं.

"मला नाही सोसत तो वास. तो खायचा म्हणून सोसत होती. तू खा."

मी एक तुकडा तोंडात घातला. थोडा चिकट होता, थोडा पिठूळ. मीठ होतं, मिरपूड होती. बाकी काही चव अशी नव्हती. मी दुसरा घेतला, तिसरा घेतला, चव सापडेल म्हणून. मग मला रडू आलं. सव्वा वर्षाने आलं, आणि थांबेना. सासूबाईंनी आपला पदर माझ्या हातात दिला.

एवढ्यासाठी, मी म्हणत होते. एवढ्यासाठी?